चौरंगाची झालर

झालर चौरंगावर चढेना. तीन बाजू गुमान बसल्या, पण चौथ्या बाजूला आल्यावर खालची कड उसळून वर आली. क्रांतीनं ती दाबून खाली केली, तर पलीकडची बाजू उलटी झाली. तिनं झालर काढली, झटकली, पुन्हा चढवली आणि पुन्हा तेच झालं. मग तिनं वरच्या कडेवर बोट ठेवलं आणि ते न उचलता कडेकडेनं फिरवत नेलं. डाळिंबी रंगाचा दोरा, क्रोशाचे खांबाचे टाके एकसारखे, चुण्या एकसारख्या, सगळं जिथल्या तिथं होतं; आणि एका जागी ती कड हातातल्या हातात पालथी झाली, बोट आतल्या अंगाला गेलं. क्रांती फरशीवर तशीच बसून राहिली. पीळ पडला होता. तो आजचा नव्हता. पहिली साखळी घालून तिची दोन टोकं जोडताना तो आत राहिला होता, आणि त्यावर वीतभर रुंदीची झालर विणून पुरी झाली होती.

विणणाऱ्या बायकांना हा पीळ काय असतो ते सांगावं लागत नाही. साखळी लांब असली की कुठंतरी स्वतःभोवती फिरते, इतकी हळू की डोळ्याला दिसत नाही. तशीच जोडली की पुढच्या प्रत्येक फेरीत तो पीळ सोबत येतो. ओढून जात नाही, वाफ देऊन जात नाही, इस्त्रीनं तर नाहीच नाही. कापून शिवता येतं, पण मग तो जोड कायमचा दिसत राहतो. नाहीतर सरळ पहिल्या साखळीपर्यंत उसवायचं. हे सगळं क्रांती गेली कित्येक वर्षं मोबाइल स्टँडला लावून, हातांवर उजेड पाडून, गावोगावच्या बायकांना सांगत आली होती. ‘मैत्रिणींनो, आधी पीळ बघा, मगच जोडा,’ हे तिचं वाक्य इतकं तोंडी झालं होतं की व्हिडिओखाली बायका तिलाच ते परत लिहून पाठवत. एकीनं तर नवऱ्याशी अबोला मिटल्यावर लिहिलं होतं, ताई, पीळ बघितला आणि मगच जोडलं. त्या दिवशी क्रांती पोट धरून हसली होती. आज तोच पीळ तिच्या हातात होता. हात चुकले याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. हात चुकले हे बघून आत कुठंतरी एकदम बरं वाटलं होतं, आणि भीती त्याची वाटत होती.

अंकिताचं लग्न रविवारी होतं, पलूसला. अंकिता म्हणजे क्रांतीच्या नवऱ्याची, जयराजची, धाकटी बहीण. कॉलेजपासून ती इथंच सांगलीत, विश्रामबागेतल्या या फ्लॅटमध्ये भावजयीकडं राहिलेली, आणि आता मिरजेच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामावर. तिच्या रुखवताचं सगळं क्रांतीनं विणलं होतं. तोरण झालं होतं, रुमाल झाले होते, कळशीची जाळी, पंख्याची झालर, लोकरीचं जातं, लोकरीची तुळस. राहिली होती ती चौरंगाची झालर. हॉलच्या एका अंगाला टेबलं लावून हे सगळं मांडायचं आणि मधोमध थर्माकोलच्या अक्षरांची पाटी लावायची, ‘वधूची हस्तकला’. ती पाटी खरी नसते हे मांडणारीला माहीत असतं, बघणारीलाही माहीत असतं, तरी सगळ्याजणी वाकून वाकून बघतात आणि पोरीच्या हातात कला हाय म्हणतात. जेवणात बुंदी असावी तशी लग्नात ती पाटी असते. कुणाचं काही बिघडत नाही. क्रांतीच्या लग्नातही ती होती.

क्रांतीचं माहेर कोरेगावकडचं. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, भिंतीवर वर्दीतले फोटो, आणि पोरगी पळणारी. सकाळच्या एसटीनं ती साताऱ्याला जायची, स्टेडियमवर आठशे मीटरचा सराव करायची. पोलीस भरतीत उतरायचं ठरलेलं. शेवटच्या वळणावर घशात लोखंडाची चव यायची, कान बंद व्हायचे, आणि पाय तिला न विचारता आपले आपण पळायचे. ते पाय कुणाचे आहेत असं तिला तेव्हा वाटायचं, आणि त्या वाटण्यात एक विलक्षण मोकळेपणा असायचा. भरतीची जाहिरात निघाली त्याच महिन्यात कुंडलचं स्थळ आलं. उसाचं रान, बारमाही विहीर, मुलगा फौजेत. वडील म्हणाले, असं घर पुन्हा यायचं नाही. क्रांतीनं बूट धुऊन गच्चीत वाळत घातले आणि ते वाळायच्या आत सुपारी फुटली. रुखवत आईनं साताऱ्यातल्या बायकांकडून विणून घेतलं. क्रांतीनं त्या वस्तू पहिल्यांदा बघितल्या त्या हॉलमध्येच, अक्षता पडायच्या आधी, हळदीच्या हातांनी. रुमाल छान होते. पाटीकडं तिचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

पण लीलाबाईंचं गेलं होतं. लीलाबाई म्हणजे सासू. कुंडलला आल्याआल्या त्यांनी तोरण दाराला लावलं, मोठा गोल रुमाल टीव्हीवर टाकला आणि येईल त्या बाईला सांगायला सुरुवात केली की हे माझ्या सुनंच्या हातचं आहे. पूजा झाल्यावर आळीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. एकीनं येताना क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा आणला होता. तिनं ते दोन्ही क्रांतीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, दावा की वाइच, कसं घालतासा ते. क्रांतीला आजही ती दुपार अंगाला लागून आठवते. कोपरापर्यंत हिरवा चुडा, नवीन साडीची खरखर, भोवती बसलेल्या दहा-बारा बायका, आणि मांडीवर ती चकचकीत सुई, जिचं कुठलं टोक धरायचं हेही तिला माहीत नव्हतं. मला येत नाही, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. ते घशापर्यंत आले होते. पण तिनं समोर बघितलं तर लीलाबाईंचा चेहरा कौतुकानं फुलून गेला होता, आणि क्रांतीच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

“आमच्याकडं लग्नाचा चुडा हातात हाय तवर सुई धरत न्हाईत.”

असं काही नव्हतं. तिनं ते कुठं ऐकलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. ते त्या क्षणी जन्माला आलं. पण बायकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी तर म्हणाली की व्हय, कोरेगावकडं हाय तसं. सुई आणणारी सुई तिथंच विसरून गेली, आणि क्रांतीला कळलं की आता हातात बांगड्या आहेत तोवरच आपली धडगत आहे. मग ती बांगड्यांना जपायला लागली. भांडी घासताना मनगटं उंच धरायची, धुणं आपटायच्या ऐवजी पिळायची, पाणी शेंदायला दोरावर हात ठेवताना आधी बांगड्या मागं सारायची. जयराज रजा संपवून गेला. एक बांगडी दाराच्या कडीला लागून वाढली, एक झोपेत, दोन उंबऱ्यावर. दर वेळी हिरव्या काचा वेचताना ती उरलेल्या बांगड्या मोजायची. आणि दुपारी सगळी रानात गेली की ती टीव्हीवरचा रुमाल काढायची. सुई तिच्याकडं होती, शिकवणारं कुणी नव्हतं. ती रुमालाची कड उसवायची. एक टाका सोडायचा आणि श्वास रोखून बघायचं, दोरा कुठल्या फासातून निघाला, कुणाच्या पाठीमागनं आला, किती वेढे सुटले. मग तोच टाका परत घालायचा. जमला नाही की पुन्हा उसवायचा. बायका साखळीपासून शिकतात. क्रांती शेवटाकडून सुरुवातीकडं शिकली. कुणाच्यातरी हातानं केलेलं एकेक सोडवत ती मागं मागं गेली. शेवटची बांगडी परड्यातल्या दगडावर फुटली तेव्हा तिला खांब येत होता. ती बायकांत बसली, तिनं विणलं, लीलाबाईंनी सगळ्यांकडं बघितलं. क्रांतीचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच भांड्यात तो आजतागायत आहे.

कारण त्यानंतर थांबायला जागाच उरली नाही. जयराजला घरून फोन गेला असणार, तुझी बायको लय सुंदर विणती. पुढच्या रजेला त्याच्या बॅगेत सगळ्यात वर लोकर होती. मग पठाणकोटहून लोकर आली, लुधियानाहून आली, जम्मूहून आली. लग्नाच्या वाढदिवसाला लोकर, भांडण झालं की लोकर, मूल राहिलं नाही आणि डॉक्टरांकडून दोघं न बोलता परत आली तेव्हाही, दुसऱ्या दिवशी, फिक्या निळ्या रंगाची लोकर. तो ती इतक्या आशेनं पुढं करायचा की राग धरायलाही जीव व्हायचा नाही. पुरानंतर सांगलीत हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तेव्हा त्यानं सुताराला सांगून पलंगाखाली मोठे खण करून घेतले, लोकर ठेवायला. क्रांती रोज त्या लोकरीवर झोपते. बायका शिकायला यायला लागल्या, मग कुणीतरी म्हणालं व्हिडिओ टाका, मग ऑर्डरी आल्या. वाईट याचं की तिला ते चांगलं जमत होतं. तिचा टाका मापात पडायचा, हात सैल आणि एकसारखा चालायचा. लोक म्हणायचे, आवड असल्याशिवाय असं होत नाही. तुला आवडतं का, असं मात्र कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला कधी विचारलं नाही. विचारून काय करणार? फक्त कधीतरी विणता विणता मांडी घातलेल्या पायांना आपोआप झटका बसायचा, पळताना पहिलं पाऊल टाकावं तसा. मग ती मांडी बदलायची. संध्याकाळी रस्त्यानं भरतीच्या पोरी ओळीनं पळत गेल्या की ती गॅलरीतून आत यायची आणि पडदा ओढून घ्यायची.

दाराची कडी वाजली. अंकिता मिरजेहून आली होती, लॅबमधला आजचा तिचा शेवटचा दिवस. बाहेरच्या खोलीत दिवाणावर लीलाबाई आडव्या झाल्या होत्या. सकाळच्या गाडीनं त्या कुंडलहून आल्या होत्या आणि बांगड्यावाली, शिंपी, सोनार असा बाजार करून दमल्या होत्या. अंकितानं पिशवी ठेवली आणि पाणी पिताच तिचा मोबाइल वाजला. पलूसच्या विहीणबाई होत्या, नवऱ्यामुलाची, धैर्यशीलची, आई, चेहरा दाखवून बोलणाऱ्या. क्रांतीला आतल्या खोलीतून सगळं ऐकू येत होतं. बाई मनानं चांगली होती, आवाजावरनंच कळत होतं. त्यांनी मोबाइल फिरवून माजघर दाखवलं, नवीन रंग दाखवला, आणि मग खिडकीपाशी नेऊन सांगितलं की रुखवताच्या फोटोत तुझं विणकाम बघितलं, ही जागा तुझ्यासाठी रिकामी केली आहे. इथं उजेड चांगला येतो. धैर्यशीलनं खुर्ची आणली, लोकर ठेवायला कपाट बसवलं. आमच्या बचत गटातल्या बायका आत्तापासनं विचारतायत, सूनबाई शिकवणार का. अंकिता हो हो म्हणत राहिली. क्रांतीनं दारातून बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिच्या हातातल्या त्या छोट्या चौकोनात एक रिकामी खुर्ची दिसत होती, खिडकीकडं तोंड केलेली. क्रांतीला वाटलं, आपण ती खुर्ची ओळखतो.

फोन ठेवल्यावर अंकिता आत आली आणि क्रांतीच्या समोर फरशीवर बसली.

“वैनी, मला शिकवा. साखळी आणि खांब, एवढंच. बाकीचं तिथं गेल्यावर मोबाइलवर बघीन तुमचंच.”

 क्रांतीनं झालर बाजूला सारली आणि उरलेल्या दोऱ्याचा गुंडा घेतला. बोलायचं होतं ते फार होतं, आणि हात नेहमीच्या कामाला लागले होते. दोरा डाव्या करंगळीभोवती एक वेढा, मग पहिल्या बोटावरून. गुंड्याचं बाहेरचं टोक घेऊ नको, आतलं घे, म्हणजे गुंडा घरभर पळत नाही. सुई पेनासारखी धर. फास सुईच्या जाड भागावर येऊ दे, टोकाशी आवळू नको. तिचा आवाज व्हिडिओतला झाला होता, गोड आणि सावकाश, आणि तो आपल्याच तोंडून येताना तिला ऐकू येत होता. अंकिताचे हात ती बघत होती. हे हात तान्ह्या पोराच्या मनगटात शीर शोधतात. म्हाताऱ्या बायका नंबर सोडून अंकिताच्या हातानंच रक्त काढून घ्यायला थांबतात, तिची सुई कळत नाही म्हणून. ते हात आता दोऱ्यात गुंतले होते. साखळी इतकी घट्ट पडत होती की दुसऱ्यांदा सुई आत शिरेना. अंकितानं ओठ दातात धरला, उसवलं, पुन्हा घातलं. तिच्या मनगटात अजून चुडा नव्हता, तो उद्या भरायचा होता. तरीसुद्धा क्रांतीला तिथं हिरव्या काचा दिसल्या.

“हात घट्ट होतोय,” अंकिता म्हणाली.

“भीतीनं होतो,” क्रांती म्हणाली, आणि दचकली. हे तिनं एकाही व्हिडिओत सांगितलं नव्हतं. तिथं ती म्हणायची, सरावानं सैल होतो. दोन्ही खरं होतं. भीती तशीच ठेवून हात सैल करता येतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तेच ती आता या पोरीला शिकवत होती. आज साखळी, उद्या खांब, मग कौतुक, मग कपाट, मग कपाटभर लोकर. आपण हिला वाचवत नाही, खुर्चीत बसवतोय. थांब म्हणावं, उठ म्हणावं, फोन करून सांग म्हणावं. पण ते म्हणायचं तर स्वतःचं सगळं उकलून पुढ्यात ठेवावं लागलं असतं, आणि बाहेर दिवाणावर लीलाबाई होत्या. एवढ्या वर्षांत त्या बाईनं हजारदा सांगितलं असेल, माझ्या सुनंच्या हातचं हाय. ते कुठल्या तोंडानं मोडायचं? क्रांतीनं अंकिताच्या हातातली साखळी घेतली, नीट केली आणि परत दिली.

लीलाबाई उठल्या होत्या. दाराला टेकून, पदरानं तोंड पुसत त्या कधीपासून बघत होत्या कोण जाणे.

“कशाला पिडतीस त्या पोरीला,” त्या क्रांतीला म्हणाल्या. “पलूसच्यास्नी सांगायचं, आमच्यात लग्नाचा चुडा हातात हाय तवर सुई धरत न्हाईत.”

अंकितानं मान वर केली. “आई, असं असतं व्हय आपल्यात? मी कवा ऐकलं न्हाई.”

“असतं की. तुझ्या वैनीनं आणलंय म्हायेरासनं.”

असं म्हणून लीलाबाईंनी क्रांतीकडं बघितलं आणि हसल्या. त्या हसण्यात कुजकेपणा नव्हता. जुनी, दोघींनाच माहीत असलेली गंमत आठवून माणूस हसतं तशा त्या हसल्या. क्रांतीच्या कानांत एकदम शांत झालं. स्टेडियमवर शेवटच्या वळणाला व्हायचं तसं. तिला विचारायचं नव्हतं, पण तोंडानं विचारलं.

“आत्ती, तुमाला ठाव हुतं?”

“न ठाव असायला काय,” लीलाबाई खाली बसत म्हणाल्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश बसल्या आणि अंगणातल्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगायला लागल्या. नवी नवरी बांगड्यांना एवढी जपत नाही. तिला वाटतं फुटाव्यात, नवीन भराव्यात. तू दाराची कडी काढताना पण हात वर धरायचीस. आणि टीव्हीवरचा रुमाल. सोमवारी कड असायची, बुधवारी नसायची, मग वाकडी यायची, मग जरा बरी. मी काय आंधळी होते? एक दिवस रानातनं लवकर आले होते, खिडकीतनं बघितलं. तू बसली होतीस, रुमाल मांडीवर, घामानं भिजलेली, आणि टाका जमला की एकटीच हसत होतीस. मग मी परत विहिरीवर गेले. म्हटलं, घेऊ दे शिकून.

अंकिता एकदा आईकडं, एकदा वहिनीकडं बघत होती. क्रांतीनं हातातली सुई खाली ठेवली.

“मग बोलला का न्हाईसा?” ती म्हणाली. “येत न्हाई तर न्हाई म्हन, एवढं म्हनायचं हुतं. मी सोडलं असतं.”

“म्हनूनच बोलले न्हाई,” लीलाबाई म्हणाल्या. “तुझ्या बानं सांगितलं हुतं मला, पोरगी लय पळती, घरात ठरत न्हाई. हे तर बसून करायचं काम हाय. म्हनलं, बसंल.”

त्यांनी ते मायेनं सांगितलं. मायेनंच केलं होतं, यात क्रांतीला शंका नव्हती, आणि म्हणून त्यावर कुठून हात घालावा ते तिला कळेना. इतकी वर्षं ती एक गुपित राखत बसली होती आणि ज्यांच्यापासून राखायचं त्यांनी ते पहिल्या महिन्यातच बघून ठेवलं होतं. दार उघडं होतं. कडी कुणी लावलीच नव्हती. तिनं एकदा ढकलून बघितलं असतं तरी पुरे होतं. तिला उठावंसं वाटलं. एकदम उठून, चपला न घालता जिना उतरून, रस्त्यानं सरळ सुटावंसं वाटलं. ती उठली. पण दुपारपासून मांडी घालून बसल्यानं पायांना मुंग्या आल्या होत्या, पाऊल टेकेना. भिंतीचा आधार घेऊन ती जराशी उभी राहिली आणि परत खाली बसली. लीलाबाई म्हणाल्या, सावकाश, सावकाश.

अंकितानं मात्र मोबाइल घेतला. कुणाला काही विचारलं नाही. पलूसला फोन लावला आणि म्हणाली, मावशी, एक सांगायचं होतं. मला विणायला येत नाही. रुखवताचं सगळं आमच्या वैनींनी केलंय.   क्रांतीच्या डोळ्यांपुढं हॉल, पाटी, माना वळवून बघणाऱ्या बायका, सगळं येऊन गेलं. मग विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, अगं, मग आधी नाही का सांगायचं, मलासुद्धा येत नव्हतं माझ्या लग्नात. त्या जागेवर धैर्यशीलचा कॉम्प्युटर ठेवू. बरं, बस किती वाजता सोडताय? एवढंच. साखळीचे चार टाके घालायला लागतो तेवढा वेळ. अंकिताच्या चेहऱ्यावर रंग परत आला. फोन बंद करायच्या आधी विहीणबाईंना काहीतरी सुचलं. त्या म्हणाल्या, पण बायकांना मी कबूल करून बसले गं. तुझ्या वहिनींनाच पाठव की महिन्यातनं एकदा, पलूस काय लांब नाही. एवढी आवड असलेलं माणूस कुठं मिळतं. अंकितानं मोबाइलवर हात ठेवून विचारलं, वैनी, याल ना? ती इतकी मोकळी, इतकी आनंदात होती. क्रांतीची मान हलली. ती नकारार्थी हलली असती तरी चाललं असतं, पण ती होकारार्थी हलली.

मग त्यांनी झालर उसवली. अंकितानं दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि त्यांच्याभोवती दोरा गुंडाळत फिरायला लागली. क्रांती खाली बसून फेरी फेरी सोडत होती. दोरा फासांतून टपटप निसटत होता, चुण्या उलगडत होत्या. अंकिता खुर्च्यांभोवती आधी चालत होती, मग हसत हसत पळायलाच लागली, आणि लीलाबाई म्हणाल्या, धडपडशील गं, दोन दिवसांवर हळद आलीय. क्रांती तिच्या पायांकडं बघत राहिली. उसवलेला दोरा कुरळा होतो, तो ओला करून, खाली वजन बांधून वाळवायला लागतो, एवढं तिच्या डोक्यात येत होतं. दुसरं काही यायला हवं होतं. वेळ नव्हता, कुरळाच वापरायचा, चुण्यांत खपून जाईल.

ऊन उतरल्यावर जयराजचा फोन आला. शनिवारी पोचतोय म्हणाला. आईची तब्येत, हॉलचं, आचाऱ्याचं विचारून झालं. मग त्याचा आवाज बदलला. तो कशानं बदलतो हे तिला पाठ होतं.

“ऐक, लोकर घेतलीया. मोरपंखी. तू मागं म्हनली हुतीस न्हवं.”

क्रांतीनं आजूबाजूला बघितलं. अंकिता आत कपडे बघत होती, लीलाबाई स्वयंपाकघरात होत्या. समोर दोरा गुंडाळलेल्या दोन खुर्च्या आणि उघडाबोडका चौरंग. तेव्हा राहून गेलेलं वाक्य इतक्या वर्षांनी, जरा वेगळं होऊन, पुन्हा ओठांवर आलं होतं. अंकितानं किती सहज म्हटलं होतं.

“आवं,” ती म्हणाली, “मला विणायला आवडत न्हाई.”

पलीकडं कुठंतरी शिट्टी वाजली, बूट वाजत गेले. तिला वाटलं, ऐकलं. आता विचारेल. आता म्हणेल, कधीपासनं? आणि मग ती सांगेल, पहिल्यापासनं सांगेल.

मग जयराज हसला. मनापासून, मोठ्यानं हसला. “आज लय चेष्टेत हाईस गड्या,” तो म्हणाला. “लगीनघर हाय म्हनून व्हय? बरं ऐक, दोन किलो घेतलीया. पुरंल न्हवं?”

क्रांतीलाही हसू आलं. ते आपोआप आलं, जुन्या सवयीनं, आणि एकदा आल्यावर परत घेता येईना. पुरंल, ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं खुर्चीवरच्या दोऱ्याचं टोक शोधलं. करंगळीभोवती एक वेढा, मग पहिल्या बोटावरून. साखळी पडायला लागली, मापात, सैल, एकसारखी. मांडीवरून उतरून फरशीवर लांबत गेली. चौरंगाच्या चारी बाजूंना पुरेल एवढी झाल्यावर तिनं ती जमिनीवर सरळ पसरली आणि तळहातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट करत नेली. उठून दिवा लावला. गुडघ्यावर बसून पुन्हा एकदा बोट फिरवत बघितलं. कुठंही पीळ नव्हता. तिनं दोन्ही टोकं जवळ आणली, सुई घातली आणि जोडलं.